जुन्या फोटोवरून व्हिंटेज गाडीचा इतिहास कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबा मडगार्डला टेकून उभे आहेत, मागे गाडी आहे, आणि घरात कोणालाच ती कुठली हे सांगता येत नाही. असा फोटो असेल तर शोध कुठून सुरू करायचा, ते इथे सांगितलं आहे. एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. गाडी बनली तो काळ, तिला नंबर मिळाला तो काळ आणि फोटो निघाला तो काळ, या तीन वेगळ्या तारखा आहेत. या शोधात होणाऱ्या बहुतेक चुका त्या एकमेकींत मिसळल्यामुळे होतात.

फोटो आत्ताच हाती आला आहे. सगळ्यात आधी काय करू?

तो पुसू नका. ओल्या फडक्याने पुसलं की फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि बोटाला चिकटून निघून येतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट घरातला फोटो असेल तर त्यावर बुरशीचे ठिपके असतातच. ते मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटका, त्यापुढे काही करू नका. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपऱ्यांत बसवलेला फोटो सहज सुटतो. डिंकाने चिकटवलेला मात्र पानासकटच राहू द्या.

मग मागची बाजू पाहा. तिथे पेन्सिलीने लिहिलेलं नाव, स्टुडिओचा शिक्का, छपाईचा क्रमांक, कागदाच्या कंपनीचं नाव, यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. लिखाण पुसट असेल तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च फोटोच्या कडेला, कागदाला जवळजवळ समांतर धरा. पेन्सिलीच्या दाबाने पडलेल्या खाचा आणि स्टुडिओची उठावाची मोहोर अशा तिरप्या उजेडात उठून दिसते. मागची बाजूही पुढच्याइतक्याच काळजीने स्कॅन करा.

स्कॅन किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) करावा?

नंबर प्लेटचा हिशेब करून ठरवा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर प्लेट साधारण ४ मिलिमीटर रुंद येते. ६०० डीपीआयला त्या ४ मिलिमीटरचे जेमतेम ९४ पिक्सेल होतात. प्लेटवर सहा-सात अक्षरं धरली तर एका अक्षराच्या वाट्याला पंधराच्या आसपास पिक्सेल येतात, आणि तेवढ्यात ३ आणि ८ यांतला फरक कळत नाही. १२०० डीपीआयला हा आकडा दुप्पट होतो. म्हणून प्रिंट १२०० ला, १६ बिट ग्रेस्केलमध्ये, टिफ फाईल करून ठेवा. त्यापुढे जाऊन प्रिंटमधून फारसं काही निघत नाही, कारण कागदावरच त्याहून जास्त तपशील नसतो.

निगेटिव्ह असेल तर गोष्ट वेगळी. ती २४०० ते ३२०० ला स्कॅन करा. जुन्या ट्रंकेतल्या निगेटिव्हचं पाकीट फेकलं जातं आणि प्रिंट जपली जाते, पण या कामासाठी निगेटिव्ह कितीतरी पटीने मोलाची आहे.

मोबाईलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत शोधाला निरुपयोगी असते. पाठवताना ती आणखी लहान होते आणि प्लेटवरची अक्षरं चौकोनी ठिपक्यांत विरघळतात.

एआय वापरून फोटो स्पष्ट केला तर नंबर वाचता येईल का?

नाही, आणि तसं करूही नका. अशी साधनं पुसट जागा अंदाजाने भरतात. जिथे फक्त करडा डाग होता तिथे ती ठसठशीत '६' काढून देतात, आणि तो '६' मूळ फोटोत कधी नव्हताच. रेडिएटरच्या जाळीचंही तेच होतं. चार पट्ट्यांच्या पाच होतात आणि गाडीचं वर्ष बदलतं. उजेड आणि कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करा, मोठं करून बघा, एवढंच पुरे. कुणाला दाखवायला सुधारलेली प्रत ठेवायची असेल तर तिच्या फाईलच्या नावातच तसं लिहा.

स्टीअरिंग डावीकडे दिसतं. मग गाडी परदेशातली का?

आधी फोटो उलटा छापलेला नाही ना ते बघा. निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं, आणि घरगुती प्रिंटमध्ये हे बरंच होतं. पाटीवरची अक्षरं असतील तर लगेच कळतं. नसतील तर माणसांकडे पाहा. साडीचा पदर डाव्या खांद्यावर असायला हवा (गुजराती पद्धतीची साडी सोडून), आणि पुरुषांच्या कोट-शर्टाची डावी पट्टी उजवीवर यायला हवी. दोन्ही उलटं दिसत असेल तर आरशात दिसतं तसं फोटोचं डावं-उजवं उलटं करून घ्या आणि मगच पुढे जा.

गाडीचा मेक (म्हणजे कंपनी) कसा ओळखायचा?

बोधचिन्ह शोधत बसू नका, ते क्वचितच वाचता येतं. न बदलणाऱ्या पत्र्याकडे पाहा: रेडिएटरची चौकट, बॉनेटच्या बाजूच्या हवेच्या फटी, पुढच्या काचेचा आकार, दरवाजांच्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत, चाकं लाकडी आऱ्यांची, तारेची की पत्र्याची. बॉनेटच्या फटी मोजून लिहून ठेवा, उभ्या की आडव्या तेही लिहा. दिवे, बंपर, हॉर्न, हबकॅप आणि रेडिएटरवरची मूर्ती यांच्यावर भिस्त ठेवू नका. या वस्तू नंतर सहज बदलल्या जात.

गाडी अगदी बाजूने टिपलेली असेल तर मापही काढता येतं. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोजा आणि त्याला टायरच्या बाहेरच्या व्यासाने भागा. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांना ६.०० बाय १६ चे टायर असत, त्यांचा व्यास साधारण २८ इंच. भागाकार ४ आला तर व्हीलबेस ११२ इंचांच्या आसपास. १९३७ ची शेवरोले ११२¼ इंचांची आहे आणि त्याच वर्षीची फोर्ड ११२ इंचांची. म्हणजे या मापाने मेक ठरत नाही. पण १९४१ ते ४८ ची शेवरोले ११६ इंचांची असल्यामुळे ती मात्र यादीतून गळते. मापाचा उपयोग एवढाच, नावं कमी करायला. गाडी तिरकी उभी असेल तर हा हिशेब करूच नका.

आणि वर्ष?

वर्ष लहान बदलांत सापडतं. फोर्ड मॉडेल टी पितळी रेडिएटरची असेल तर १९१६ पर्यंतची, काळ्या चौकटीची असेल तर १९१७ नंतरची. मॉडेल ए च्या १९२८-२९ च्या गाड्यांना २१ इंची चाकं होती, १९३०-३१ च्या गाड्यांना १९ इंची. फोटोत हा फरक चांगलाच जाणवतो. पुढच्या चाकात ब्रेकचा ड्रम दिसतो का तेही बघा. मॉडेल टी ला पुढे ब्रेक कधीच नव्हते, शेवरोलेला ते १९२८ पासून आले. अमेरिकन गाडीचे पुढचे दिवे सीलबीम (काच आणि दिवा एकाच बंद तुकड्यात) असतील तर ती १९४० किंवा नंतरची, पण जुन्या गाडीला मागाहून सीलबीम बसवल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. शेवरोलेच्या १९४६, ४७ आणि ४८ च्या गाड्या बाजूने जवळजवळ सारख्याच दिसतात. जाळीच्या मधोमध उभी पट्टी असेल तर ती १९४८ ची.

अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये खाजगी गाड्या बनवणं थांबलं आणि १९४५ च्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. त्यामुळे कोणी '१९४४ ची शेवरोले' म्हणून सांगत असेल तर ते नोंदणीचं वर्ष असू शकतं, बनावटीचं नाही. शिवाय अमेरिकन कंपन्यांचं नवं मॉडेल आदल्या वर्षीच बाहेर येई, आणि जहाजाने येऊन, इथे जुळणी होऊन विकेपर्यंत पुढचं वर्ष उजाडे. एक वर्ष इकडे-तिकडे झालं म्हणून कागद खोटा ठरवू नका.

गाडी परदेशी दिसते, पण ती इथेच बनली होती असं म्हणतात. ते कसं?

सुटे भाग खोक्यांतून येत आणि जुळणी इथे होई. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या आणि १९५४ ला काम बंद केलं. फोर्डनेही १९२६ पासून हेच केलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ ला स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या जाऊ लागल्या. महिंद्राने १९४९ ला मुंबईत जीप आणली. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स मॉरिसच्या गाड्या 'हिंदुस्तान १०', 'बेबी हिंदुस्तान', 'हिंदुस्तान १४' अशा नावांनी काढत होती. घरातल्या कागदावर 'हिंदुस्तान' लिहिलेलं असेल तर शोध मॉरिसच्या नावाने घ्यावा लागेल.

डॉज किंग्जवे, तिच्या जोडीची प्लिमथ आणि डिसोटो डिप्लोमॅट या तिघींचा पत्रा जवळजवळ एकच, फक्त जाळी आणि नावपट्टी वेगळी. मागून काढलेल्या फोटोवरून यांतली नेमकी कोणती ते ठरवायचा हट्ट धरू नका, तिन्ही नावं लिहून ठेवा.

१९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या (आयात शुल्काबद्दल सरकारला सल्ला देणारा आयोग) शिफारशींनंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या. त्यामुळे १९५५ नंतरच्या मॉडेलची शेवरोले किंवा फोर्ड फोटोत दिसली तर ती बहुधा कुणी स्वतः आयात केलेली असेल, नाहीतर वकिलातीची. वकिलातींच्या गाड्या पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, म्हणून पहिल्या भारतीय मालकाच्या कागदांत या संस्थेची पावती शोधा.

फियाटबद्दल फार विचारणा होते. गोलसर पाठीची, पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली ११०० म्हणजे १९५० च्या दशकातली, जिला मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणतात ती. मागे शेपटीसारखे पंख निघालेले असतील तर ती नंतरची.

नंबर प्लेटवरून काय कळतं?

पुष्कळ, पण फक्त नोंदणीबद्दल. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतर मुंबई शहराच्या गाड्यांवर 'बीएम' आणि पुढे एक अक्षर असे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 'एमआर', मग 'एमएम' वगैरे मालिका आल्या. १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू झाल्यावर 'एमएच' आणि नोंदणी कार्यालयाचा आकडा सुरू झाला. गोव्यात मुक्तीनंतर 'जीडी', आणि १९८९ पासून 'जीए'. त्या काळी, आजच्या उलट, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खाजगी, पांढऱ्या पाटीवर काळी म्हणजे भाड्याची. काळ्या-पांढऱ्या फोटोतही हे एका नजरेत कळतं, आणि आजोबांची म्हणून सांगितली जाणारी गाडी टॅक्सी निघण्याची शक्यता इथेच समोर येते.

संस्थानांच्या गाड्यांवर संस्थानाचं नाव आणि आकडा असे. दख्खनची छोटी संस्थानं मार्च १९४८ मध्ये विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला, बडोदा १ मे १९४९ ला. म्हणून प्लेटवर 'बरोडा' वाचता आलं तर गाडीला तो नंबर या तारखेआधी मिळाला असं धरून चाला. विलीनीकरणानंतर तीच गाडी नव्या नंबराने फिरू लागली.

गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की नवा नंबर घ्यावा लागतो, हा नियम जुन्या कायद्यातही होता. एकाच गाडीचे दोन-तीन नंबर सापडले तर दचकू नका. त्यांचा क्रम लावला की गाडीचा प्रवास कळतो.

नंबर अर्धाच वाचता येतो.

जी अक्षरं नक्की दिसतात ती लिहा, बाकी प्रत्येक जागी काय काय असू शकेल ते सगळं लिहा. ३ आणि ८, ६ आणि ०, १ आणि ७, 'सी' आणि 'जी' या जोड्या फसवतात, त्यातून पाट्या पेंटरने हाताने रंगवलेल्या असत. दोन जागा संशयाच्या आणि प्रत्येकी दोन पर्याय असतील तर चारच नंबर तपासायचे असतात. त्याच काळातल्या दुसऱ्या फोटोत, लग्नाच्या वरातीत किंवा सहलीला, गाडीची मागची प्लेट दिसते का ते नातेवाइकांकडे विचारा.

फोटो कधी काढला हे कसं ठरवायचं?

विंडस्क्रीनवरचा कराचा गोल टोकन मोठा करून बघा, कधीकधी वर्ष दिसतं. पुढच्या दिव्यांवर झाकण किंवा अर्धा काळा रंग असेल तर तो ब्लॅकआऊटचा काळ. मात्र तो दुसऱ्या महायुद्धातलाच असं नाही, १९६५ आणि १९७१ लाही दिवे अर्धे काळे करत होते. गाडीच्या मागे कोळशाचा गॅस करणारी उभी टाकी दिसली तर महायुद्धातल्या पेट्रोल टंचाईची वर्षं नक्की.

प्रिंटचं मापही बोलतं. २¼ बाय ३¼ इंचांची प्रिंट म्हणजे १२० फिल्मची सरळ छपाई, घरगुती बॉक्स कॅमेऱ्याची. ४¾ बाय ६½ किंवा ६½ बाय ८½ इंच म्हणजे काचेच्या प्लेटवरचा, बहुतेक व्यावसायिक छायाचित्रकाराचा. अशा वेळी स्टुडिओचा पत्ता जुन्या डिरेक्टऱ्यांत शोधता येतो. थॅकर्सच्या डिरेक्टरीचे आणि टाइम्स ऑफ इंडिया डिरेक्टरीचे बरेच खंड ग्रंथालयांत आहेत. स्टुडिओ कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत त्या पत्त्यावर होता ते कळलं की फोटोची दोन टोकं बांधली जातात.

गाडीचा मूळ रंग फोटोवरून कळेल?

नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. मरून गाडी काळी येई आणि आकाशी जवळजवळ पांढरी. गाडी समोर असेल तर रंग तिच्या अंगावरच शोधा. ग्लोव्हबॉक्सच्या मागे, दरवाजाच्या बिजागरीखाली, डिकीत स्टेपनीच्या बुडाशी, म्हणजे जिथे पुढच्या पेंटरने हात फिरवला नाही तिथे. दोन इंचांची जागा निवडा, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून मधोमध घासा, मग ८०० आणि १२०० ने कडा उतरत्या करा. रंगांची वर्तुळं एकात एक दिसू लागतात. प्रायमरच्या लगेच वरचं वर्तुळ म्हणजे पहिला रंग. प्रायमरचाच थर दोनदा दिसला तर खालच्याच्या वरचा रंग धरा. हे पुन्हा रंगकाम करण्याआधी करायचं आहे. डेंटरने पत्रा उघडा केल्यावर काहीच उरत नाही.

आरटीओकडून माहिती मिळते का?

गाडी तुमच्या नावावर असेल तर नोंदणी कार्यालयात अर्ज करून गाडीचे पर्टिक्युलर्स (नोंदणीचा तपशील) मागा. ज्या जुन्या नोंदी संगणकात चढवल्याच नाहीत त्या सरकारच्या 'वाहन' या संकेतस्थळावर दिसत नाहीत. तिथे 'नोंद नाही' आलं म्हणजे रजिस्टरातही नाही असा अर्थ काढू नका.

गाडी दुसऱ्याची किंवा नाहीशी झालेली असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा एका कारणाने: लोक मालकाचं नाव-पत्ता मागतात, आणि ती वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(जे) खाली नाकारली जाते. तुम्ही त्या नंबराच्या गाडीचा मेक, चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला), पहिल्या नोंदणीची तारीख आणि नोंद कधी रद्द झाली एवढंच मागा. रजिस्टर नष्ट केलं असेल तर ते कोणत्या आदेशाने, हेही त्याच अर्जात विचारा.

परदेशी कंपनीच्या नोंदी कशा मिळवायच्या?

तिथे नंबर प्लेट चालत नाही, चासी नंबर लागतो. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मॉरिस, एमजी अशा अनेक ब्रिटिश गाड्यांचं हेरिटेज सर्टिफिकेट शुल्क भरून मिळतं. त्यात बनल्याची तारीख, इंजिन नंबर आणि गाडी कुठे पाठवली ते असतं. खोक्यातून सुटी आलेल्या गाडीच्या रंगाची नोंद तिथे शोधू नका, रंग इथे दिलेला असतो. रोल्स-रॉइसची चासी कार्डं रोल्स-रॉइस एन्थुझिॲस्ट्स क्लबकडे आहेत, आणि त्यांत पहिल्या ग्राहकाचं नाव, बॉडी कोणी बांधली, इथपर्यंत तपशील मिळतो. कॅडिलॅकच्या बांधणीच्या नोंदी जनरल मोटर्सकडे आहेत. फियाटचं संग्रहालय तुरिनला आहे. युद्धपूर्व शेवरोलेसाठी मात्र कारखान्याच्या नोंदीवर अवलंबून राहू नका, तिथे इथलेच कागद कामी येतात.

फोटोतली गाडी आणि माझ्या दारातली गाडी एकच, हे सिद्ध कसं करू?

मेक, मॉडेल आणि वर्ष जुळले म्हणजे गाडी तीच, असं होत नाही. तशा गाड्या शेकड्यांनी विकल्या गेल्या. नंबर जुळला तर पुरावा भक्कम, पण पाटी बदलणं सोपं असतं. खरी साखळी अशी: फोटोतला नंबर, त्या नंबराच्या नोंदीतला चासी नंबर, आणि चासीवर कोरलेला नंबर. तिन्ही कड्या जुळल्या की मगच 'तीच गाडी' म्हणा. इंजिन नंबरावर विसंबू नका. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिनं बसवलेल्या गाड्या कितीतरी आहेत.

कोरलेला नंबर वाचताना चासीवरचा रंग खरवडू नका. थिनरने भिजवलेला कापूस दहा मिनिटं ठेवा, मऊ झालेला थर लाकडी काडीने काढा, खडूची पूड चोळा आणि तिरप्या उजेडात फोटो घ्या. आकड्यांची खोली किंवा ओळ वेडीवाकडी असेल, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील, तर तपासणी तिथेच थांबवून जाणकाराला दाखवा.

विकणारा जुना फोटो दाखवून 'ही महाराजांची गाडी' म्हणतो. विश्वास ठेवू?

फोटोत महाराज असणं आणि गाडी महाराजांची असणं वेगळं. पाहुण्याच्या किंवा विक्रेत्याच्या गाडीशेजारीही फोटो निघत. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक ही जर्मन गाडी दसऱ्याच्या सोहळ्याला आजही लोकांसमोर येते. तिच्या मागे घराणं, कागद आणि अखंड ताबा उभा आहे. विक्रेत्याकडून तेवढं नाही, पण निदान चासी नंबराला जोडणारा एक कागद मागा: दरबारची खरेदीची पावती, विमा, किंवा विलीनीकरणानंतरची पहिली नोंदणी. तो नसेल तर गाडीची किंमत तिच्या लोखंडाच्या आणि अवस्थेच्या हिशेबाने करा, दंतकथेच्या नाही.

सगळं सापडलं. आता गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल?

पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर होय. २०२१ च्या नियमांप्रमाणे नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, फेरनोंदणीचं ५,०००, आणि मुदत दहा वर्षं. नव्या नोंदणीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणून फोटोतला नंबर अजून तुमच्या आरसी बुकावर जिवंत असेल तर तो सोडू नका. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, संशोधन आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. अर्जासोबत विम्याचा कागद लागतो, आयात गाडी असेल तर आयातीचे कागद, आणि भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी. गाडी मूळ रूपात आहे हे तपासणाऱ्या समितीला पटवताना जुना फोटो आणि आजचा, त्याच कोनातून काढलेला, शेजारी शेजारी लावून न्या.